मोसमाच्या मध्यावर फँटसी फुटबॉलमध्ये कामाचे फ्री एजंट कसे शोधायचे

ऑक्टोबर सरत आला की फँटसी लीगमधले, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ करून त्यांच्या खेळावर पॉइंट मिळवणारे, बरेच जण आपल्या संघाकडे बघणंच सोडून देतात. ड्राफ्टला, म्हणजे मोसमाआधी खेळाडू वाटून घेताना, पहिला घेतलेला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) जखमी असतो, दुसऱ्याची जागा कुणी नवख्याने बळकावलेली असते आणि बाय वीक (एनएफएल संघांचे सुट्टीचे आठवडे) सुरू झाल्याने रविवारी नऊ जणांचा संघसुद्धा धड उभा राहत नाही. सहकाऱ्यांनी आग्रह केला म्हणून लीगमध्ये शिरलेली आपली मंडळी, मग ती न्यू जर्सीत असोत की पुण्यात बसून अमेरिकेतल्या टीमबरोबर काम करणारी, नेमकी याच सुमारास हात टेकतात.

खरं तर नव्या माणसाला याच काळात सगळ्यात जास्त वाव असतो. ड्राफ्टच्या दिवशी ज्यांनी वर्षानुवर्षं एनएफएल पाहिलेलं असतं त्यांचं पारडं जड असतं. आठव्या आठवड्यात मात्र पंधरा वर्षांच्या माहितीचा फारसा उपयोग नसतो. गेल्या दोन-तीन रविवारी काय झालं आणि येत्या रविवारी कोण खेळणार, एवढंच बघायचं असतं, आणि ते कुणालाही बघता येतं.

एक खुलासा आधीच करतो. हे सगळं एनएफएलच्या फँटसीबद्दल आहे. ड्रीम११ किंवा प्रीमियर लीगच्या फँटसीची सवय असेल तर लक्षात घ्या, तिथे एकच खेळाडू हजारो जणांच्या संघात असतो. इथे लीगमध्ये एक खेळाडू एकाच मालकाकडे. जो कुणाकडेच नाही तो फ्री एजंट.

आधी लीगचे नियम उघडा

ॲपमध्ये, म्हणजे ईएसपीएन, याहू किंवा स्लीपरवर, लीगच्या सेटिंगमध्ये जाऊन चार गोष्टी बघून ठेवा.

एक, वेव्हर (मोकळ्या खेळाडूंसाठी अर्ज करण्याची पद्धत) कसं चालतं. रविवारचे सामने झाले की मोकळे खेळाडू काही काळ गोठवले जातात. बहुतेक लीगमध्ये बुधवारी पहाटे, म्हणजे भारतात बुधवारी दुपारच्या सुमारास, सगळ्यांचे अर्ज एकदम निकाली निघतात. त्यानंतर उरलेले खेळाडू जो आधी घेईल त्याचे.

दोन, अर्जाचा निकाल कशावर लागतो. काही लीगमध्ये क्रमांक असतो, काहींमध्ये बोली. क्रमांक असेल तर तो दर आठवड्याला गुणतक्त्याच्या उलट्या क्रमाने नव्याने लागतो, की एकदा वापरला की तुम्ही रांगेत शेवटी जाता, हे नीट वाचा. पहिल्या प्रकारात क्रमांक राखून ठेवण्यात काहीच अर्थ नाही, दर आठवड्याला वापरा. दुसऱ्या प्रकारात मात्र किकरसाठी (लाथेने चेंडू मारून पॉइंट मिळवणारा) पहिला क्रमांक उडवू नका.

तीन, झेलाला किती पॉइंट. पूर्ण पीपीआरमध्ये प्रत्येक झेलाला एक, हाफ पीपीआरमध्ये अर्धा, आणि जुन्या पद्धतीत शून्य. पाच-पाच यार्डांचे सात झेल घेणारा रिसीव्हर (दर दहा यार्डांना एक पॉइंट धरून) पहिल्या प्रकारात साडेदहा पॉइंट देतो, तिसऱ्या प्रकारात साडेतीन. म्हणजे इंटरनेटवरची 'या आठवड्यात हे घ्या' छापाची यादी तुमच्या लीगला लागू पडेलच असं नाही.

चार, आयआरची (जखमी खेळाडूंच्या राखीव यादीची) जागा आहे का. असेल तर जखमी खेळाडू तिथे ढकलून बेंचवर एक जागा फुकट मिळते. ती रिकामी ठेवणारे लोक मला कधीच समजलेले नाहीत.

पॉइंट सोडा, काम मोजा

नवखा माणूस मोकळ्या खेळाडूंची यादी उघडतो, गेल्या आठवड्यातल्या पॉइंटप्रमाणे लावतो आणि सगळ्यात वरचा उचलतो. ते पॉइंट आता कुणाच्याच उपयोगाचे नाहीत. पुढच्या रविवारी त्या खेळाडूच्या हातात चेंडू किती वेळा येईल, हा आपला प्रश्न. त्याचं उत्तर तीन आकड्यांत मिळतं.

पहिला स्नॅपचा टक्का: संघाच्या आक्रमणातल्या शंभर खेळींपैकी हा किती वेळा मैदानात होता. दुसरा आकडा रिसीव्हर आणि टाइट एंड, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूंसाठी, टार्गेट: त्याच्या दिशेने किती पास फेकले गेले. झेलले किती, हे नंतर बघा. तिसरा रनिंग बॅकसाठी: किती वेळा चेंडू घेऊन धावला आणि त्यातल्या किती धावा गोलरेषेजवळच्या. स्नॅपचे आकडे प्रो फुटबॉल रेफरन्स या साइटवर फुकट मिळतात, टार्गेट तर ॲपमध्येच दिसतात. मंगळवारी चहा घेता घेता अर्ध्या तासात हे सगळं बघून होतं.

माझा स्वतःचा ठोकताळा असा. रनिंग बॅक ६० टक्क्यांहून जास्त स्नॅप खेळत असेल तर त्याने गेल्या आठवड्यात काय केलं याची चौकशी न करता घ्यावा. रिसीव्हरला सलग दोन आठवडे सात किंवा जास्त टार्गेट मिळाले असतील तर घ्यावा. एकाच आठवड्यात दोन टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणं), पण टार्गेट तीनच, असा असेल तर दुसऱ्या कुणाला घेऊ द्यावा.

२०२१ चा अमोन-रा सेंट ब्राउन आठवा. डेट्रॉइट लायन्सचा नवखा रिसीव्हर, आणि डिसेंबर उजाडला तरी त्या संघाने एकही सामना जिंकलेला नव्हता. मोसमाचे पहिले बारा आठवडे त्याच्या नावावर एकही टचडाउन नाही, त्यामुळे अनेक लीगमध्ये तो मोकळाच पडून होता. मग रनिंग बॅक डीआंद्रे स्विफ्ट खांद्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि तेराव्या आठवड्यात मिनेसोटाविरुद्ध सेंट ब्राउनला १२ टार्गेट मिळाले. शेवटच्या खेळीवरचा विजयी टचडाउनही त्याचाच. बातम्या आल्या त्या टचडाउनच्या. पण घेणाऱ्याने बघायचा आकडा होता १२. पुढच्याच आठवड्यात टाइट एंड टी. जे. हॉकेन्सनही बाहेर गेला, आणि ज्याच्याकडे पास फेकावा असं दुसरं कुणी उरलंच नाही. शेवटच्या सहा सामन्यांत सेंट ब्राउनने ५१ झेल, ५६० यार्ड आणि पाच टचडाउन केले. फँटसीचे प्लेऑफ (बाद फेरी) नेमके त्याच आठवड्यांत असतात.

यातच आणखी एक गोष्ट दिसते. हरणाऱ्या संघातल्या खेळाडूंकडे लोक बघत नाहीत. पण दोन टचडाउनने मागे असलेला संघ चेंडू घेऊन धावत बसत नाही, तो पास फेकत सुटतो. वाईट संघातला मुख्य रिसीव्हर चांगल्या संघातल्या तिसऱ्या रिसीव्हरपेक्षा केव्हाही बरा.

उलट उदाहरणही सांगायला हवं. २०२० मध्ये फिलाडेल्फियाच्या ट्रॅव्हिस फुलघमने पिट्सबर्गविरुद्ध १० झेल आणि १५२ यार्ड केले, आणि सगळी अमेरिका त्याच्यावर तुटून पडली. त्याला काम खरंच मिळत होतं, पण कारण हे की संघाचे नेहमीचे रिसीव्हर जखमी होते. ते परतले आणि नोव्हेंबरमध्ये फुलघम जवळपास दिसेनासा झाला. म्हणून काम दिसलं की लगेच विचारायचं: हे काम कुणाचं होतं, आणि तो कधी परत येणार?

जागा कुठे रिकामी झाली ते शोधा

साधा हिशेब करा. बारा जणांच्या लीगमध्ये प्रत्येकी १५ खेळाडू म्हणजे १८० जण गेले. एनएफएलमध्ये संघ ३२, म्हणजे मुख्य रनिंग बॅक साधारण तेवढेच, आणि ते सगळे कुणाच्या ना कुणाच्या संघात असतात. मोकळे उरतात ते दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे. त्यांचं नशीब उघडतं ते तीन कारणांनी.

दुखापत हे उघड कारण. बुधवार, गुरुवार आणि शुक्रवारी संघांना सरावाचा अहवाल द्यावा लागतो: पूर्ण सराव, मर्यादित सराव किंवा सराव नाही. बुधवारच्या अहवालावर फार जाऊ नका, मोठ्या वयाच्या खेळाडूंना त्या दिवशी सुट्टीच देतात. शुक्रवारी जो सरावाला नाही तो बहुधा रविवारी नाही. आणि एखाद्याला आयआरवर टाकलं तर तो किमान चार सामने गेला, म्हणजे त्याच्या बदलीच्या खेळाडूला निदान महिनाभराची नोकरी लागली.

कधी बदलीच्या खेळाडूचाही बदली शोधावा लागतो. १ डिसेंबर २०२४ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोचा ख्रिश्चन मॅकॅफ्री आणि त्याच्या मागचा जॉर्डन मेसन, दोघेही एकाच सामन्यात जायबंदी झाले. तिसऱ्या क्रमांकाच्या आयझॅक गेरेंडोने पुढच्या रविवारी शिकागोविरुद्ध दोन टचडाउन केले. म्हणून प्रत्येक संघाचा तिसरा रनिंग बॅक कोण, हे निदान नावाने माहीत असावं.

दुसरं कारण खेळाडूंची अदलाबदल. खऱ्या एनएफएलमधली ट्रेडची शेवटची तारीख २०२४ पासून नवव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी असते. लोक बघतात ते गेलेला खेळाडू नव्या संघात कसा खेळेल हे. तुम्ही बघा त्याने मागे काय सोडलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये कॅरोलायनाने मॅकॅफ्रीला सॅन फ्रान्सिस्कोला दिलं, आणि मागे राहिलेल्या डॉन्टा फोरमनने पुढच्या दोन्ही रविवारी ११८-११८ यार्ड काढले, दुसऱ्या वेळी तर तीन टचडाउनसह.

तिसरं कारण क्वार्टरबॅक (पास फेकणारा) बदलणं, आणि याकडे सगळ्यात कमी लोक लक्ष देतात. २०२३ मध्ये क्लीव्हलंडने नोव्हेंबरात ३८ वर्षांच्या जो फ्लॅकोला घरून बोलावलं. तो पाच सामने खेळला, त्यातल्या सलग चारमध्ये ३०० हून अधिक यार्ड. तुम्ही फ्लॅकोला घेतलं नसेल तरी चालेल, पण त्याच्याकडून पास घेणाऱ्या सगळ्यांचा भाव एका आठवड्यात वर गेला होता. अमारी कूपरने ह्यूस्टनविरुद्ध २६५ यार्ड केले ते त्याच्याच पासवर.

दुसऱ्यांनी टाकलेल्यांची यादी

पाचव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत बाय वीक चालतात. कधी एकाच आठवड्यात सहा संघ सुट्टीवर जातात. २०२४ मध्ये बाराव्या आणि चौदाव्या आठवड्यात असं झालं होतं. अशा वेळी ज्याच्या संघात तीन-चार जण सुट्टीवर तो गडबडतो, आणि या रविवारपुरता माणूस घेण्यासाठी एखादा चांगला खेळाडू सोडतो. ॲपमध्ये लीगमधल्या व्यवहारांची यादी असते. ती रोज उघडा. माझ्या मते अख्ख्या वेव्हरवर यापेक्षा चांगला माल कुठे मिळत नाही, कारण तो कुणीतरी ड्राफ्टला पारखून घेतलेला असतो.

जखमी म्हणून टाकलेल्यांवरही नजर ठेवा. आयआरवरचा खेळाडू सरावाला परतला की २१ दिवसांची मुदत सुरू होते. तेवढ्यात त्याला संघात घ्यावं लागतं, नाहीतर त्याचा मोसम संपतो. ही मुदत सुरू झाल्याची बातमी आली की त्याच दिवशी उचला, खेळायची वाट बघू नका. २०१४ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा रिसीव्हर ओडेल बेकहॅम मांडीच्या दुखापतीने पहिले चार सामने बाहेर होता. मग १२ सामन्यांत त्याने १,३०५ यार्ड आणि १२ टचडाउन केले. ज्यांनी सप्टेंबरमध्ये कंटाळून त्याला सोडलं, त्यांना ते वर्ष अजून आठवत असेल.

बोली किती लावायची

बोलीच्या लीगमध्ये मोसमभरासाठी बहुधा १०० काल्पनिक डॉलर असतात. सप्टेंबरमध्ये लोक उधळतात आणि मध्यावर निम्म्या लीगकडे तीसेक डॉलर उरलेले असतात. बोली ठरवण्याआधी प्रत्येकाकडे किती शिल्लक आहे ते बघा, ते उघड दिसतं. तुमच्याकडे ६० आणि बाकी सगळ्यांकडे ४० च्या आत असतील, तर ४१ ला हवा तो खेळाडू नक्की तुमचा.

मोसम संपेपर्यंत मुख्य काम मिळणारा रनिंग बॅक असेल तर शिल्लक रकमेच्या अर्ध्याहून जास्त लावा, मागेपुढे बघू नका. असे जण वर्षात दोन-तीनच निघतात. टार्गेट वाढत चाललेल्या रिसीव्हरला दहा ते पंधरा डॉलर. एका आठवड्यापुरत्या डिफेन्सला (एका संघाचा सगळा बचाव एकच खेळाडू म्हणून घेतात) एक, आणि शून्याची बोली चालत असेल तर शून्य. लोकांना गोल आकडे आवडतात: १०, १५, २०. आपण आहेराच्या पाकिटात १०१ घालतो, तसंच इथेही वर एक टाका. २० च्या जागी २१ लावल्याने मिळालेले खेळाडू तुम्ही मोसमाअखेर मोजाल.

एका खेळाडूवर थांबू नका. त्याच जागेसाठी चार-पाच नावं क्रमाने लावून ठेवा, पहिलं हुकलं तर दुसरं आपोआप लागतं.

रविवारी सामन्याआधीचा फुकटचा डाव

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे ठेवा. रविवारचे सामने सुरू होण्याआधी तुमच्या बेंचवर असा कुणीतरी असतो ज्याचा उपयोग संपला आहे: बाय गेलेल्या क्वार्टरबॅकचा बदली, किंवा मागच्या आठवड्यातला डिफेन्स. त्याला काढा आणि त्या जागी एखाद्या भरपूर धावणाऱ्या संघाचा दुसरा रनिंग बॅक घ्या. तो या रविवारी खेळवायचा नाही. पण त्या दुपारी त्याच्या पुढचा माणूस जखमी झाला, तर मंगळवारी बाकीच्या अकरा जणांनी ज्याच्यासाठी ४० डॉलर लावले असते तो तुमच्याकडे आधीच असतो. काही झालं नाही तर पुढच्या आठवड्यात सोडा. खर्च शून्य.

अट एवढीच की तुमच्या लीगमध्ये रविवारीही खेळाडू घेता यायला हवेत, आणि ज्याला काढताय त्याचा सामना सुरू झालेला नसावा. सामना सुरू झाला की खेळाडू कुलूपबंद.

रविवारी कोण खेळणार नाही याची अधिकृत यादी प्रत्येक सामन्याच्या ९० मिनिटं आधी येते. पूर्व किनाऱ्यावर दुपारी एकच्या सामन्यांसाठी साडेअकराला. भारतात तेव्हा रात्रीचे नऊ वाजतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की दहा. पुण्यात बसून खेळणाऱ्याचा हा चक्क फायदा आहे: वेस्ट कोस्टवाला सहकारी तेव्हा सकाळचे साडेआठ म्हणून अंथरुणात असतो. लंडन किंवा जर्मनीतला सामना असेल तर तो पूर्व किनाऱ्याच्या वेळेने सकाळी साडेनऊलाच सुरू होतो, त्यात भलेभले फसतात. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी तीन सामने असतात आणि २०२३ पासून शुक्रवारीही एक. त्या आठवड्यात संघ बुधवारीच लावून टाका. गुरुवारी खेळणाऱ्याला फ्लेक्समध्ये (रनिंग बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एंड, कुणीही चालणारी जागा) ठेवू नका, त्याच्या स्वतःच्या जागेवर ठेवा, म्हणजे रविवारी ऐनवेळी कुणी गळला तर फ्लेक्समध्ये यांपैकी कोणालाही बसवता येतं.

काढायचं कुणाला

दुसरा किकर, दुसरा डिफेन्स, दुसरा टाइट एंड, याच क्रमाने. मग असा रिसीव्हर ज्याला तुम्ही महिनाभर एकदाही मैदानात उतरवलेलं नाही. ज्याचं नाव मोठं पण स्नॅप दर आठवड्याला घटताहेत त्याला आधी ट्रेडमध्ये देऊन बघा. नावाची किंमत लीगमध्ये कुणीतरी मोजतंच. सुट्टीवर असलेला चांगला खेळाडू मात्र एका रविवारसाठी कधीच सोडू नका, तो उचलायला तुमच्यासारखेच कुणीतरी टपलेले असतात.

किकर आणि डिफेन्स

यांच्यावर डोकं खपवू नका. डिफेन्स निवडताना त्या संघाचा नव्हे, समोरच्या क्वार्टरबॅकचा विचार करा. नवखा किंवा बदली क्वार्टरबॅक समोर असेल तो डिफेन्स घ्या. सट्टेबाजांचे अंदाज ॲपमध्ये दिसतात. पैसे लावायचे नाहीत, फक्त कुठल्या संघाला कमी पॉइंट अपेक्षित आहेत ते बघायचं. किकर छताखालच्या स्टेडियममधला बरा. डिसेंबरमध्ये बफेलो किंवा क्लीव्हलंडचा सामना असेल तर बर्फाला घाबरू नका, वाऱ्याला घाबरा.

बाराव्या आठवड्यानंतर

बहुतेक लीगचे प्लेऑफ पंधराव्या ते सतराव्या आठवड्यात असतात. तिथे पोहोचणार असं दिसू लागलं की त्या तीन आठवड्यांचं वेळापत्रक उघडा आणि डिफेन्स दोन आठवडे आधीच घेऊन ठेवा. तुमचा मुख्य रनिंग बॅक ज्या संघाचा, त्याचा दुसरा रनिंग बॅक आता बेंचवर हवाच, कारण बाय संपत आल्याने जागा मोकळी होऊ लागते. या काळात रस्त्यावरून उचललेले लोकही सामने जिंकून देतात. २०१८ मध्ये सी. जे. अँडरसन या रनिंग बॅकला त्याच मोसमात दोन संघांनी सोडलं होतं. टॉड गर्ली जखमी झाला म्हणून रॅम्सने त्याला डिसेंबरमध्ये घेतलं, आणि सोळाव्या आठवड्यात त्याने ॲरिझोनाविरुद्ध १६७ यार्ड काढले. अनेक लीगचा अंतिम सामना त्याच आठवड्यात होता.

प्लेऑफमधल्या प्रतिस्पर्ध्याचा संघही उघडून बघा. त्याचा क्वार्टरबॅक शंकास्पद असेल तर मोकळ्यांतला सगळ्यात चांगला क्वार्टरबॅक तुम्ही घेऊन टाका, खेळवायचा नसला तरी. याला कुणी खडूसपणा म्हणेल, पण नियमात बसतं.

अठराव्या आठवड्यात शहाण्या लीग खेळत नाहीत, कारण ज्यांची जागा पक्की झाली ते संघ मुख्य खेळाडूंना बसवतात. तुमची लीग पुढच्या वर्षासाठी खेळाडू राखू देत असेल, तर आपलं आव्हान संपल्यावरही ॲप बंद करू नका. वेव्हर सुरू असेल तोवर डिसेंबरमध्ये स्नॅप वाढलेले दोन-तीन नवखे रिसीव्हर घेऊन ठेवा. त्या आठवड्यांत त्यांच्यासाठी कुणी एक डॉलरही लावत नाही.